जुन्या यंत्रांवरचा आळ

टीव्हीवरचा सिनेमा ऐन रंगात येऊन गोल फिरणाऱ्या चक्रावर अडकला, किंवा प्लेस्टेशनवरच्या क्रिकेटमध्ये बॅट फिरायच्या आत त्रिफळा उडाला, की घरोघरी निकाल ठरलेला असतो: यंत्र जुने झाले, आता बदला. दुकानदार तेच सांगतो, यूट्यूबवरचे परीक्षक तेच सांगतात, आणि इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरवरून वर आणखी एक भर पडते: तुमचा प्लॅन लहान आहे, पुढचा घ्या. मग नवी स्टिक येते, शंभरचा प्लॅन तीनशेचा होतो, सहा अँटेनांचा राउटर येतो आणि पंधरवड्यात ते चक्र पुन्हा फिरू लागते. हा सल्ला देणारे सगळे लबाड असतात असे मुळीच नाही. पण सल्ला बहुतेक वेळा चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे आकडे मांडून दाखवता येते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गेमिंग कन्सोलला किंवा स्ट्रीमिंगच्या डब्याला वेग फारसा लागतच नाही. त्याला हवेत बोलण्याची पाळी वेळेवर मिळावी लागते. ती का मिळत नाही याचे उत्तर शोधायचे तर राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या वीस-तीस फुटांत शोधावे लागते. यंत्राच्या वयाचा हिशेब त्यानंतर करावा.

आधी वेगाचे गणित. नेटफ्लिक्स स्वतःच ग्राहकांना सांगते की ७२० पिक्सेलच्या चित्रासाठी ३ एमबीपीएस, १०८० साठी ५ आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस पुरेत. जुनी स्टिक फोर-के दाखवतच नाही, म्हणजे तिची भूक ५ वर संपते. घरातले तीन टीव्ही एकाच वेळी चालू असले तरी बेरीज १५ होते, आणि जिओफायबरने २०२० मध्ये ३९९ रुपयांना (कर वेगळा) काढलेला सगळ्यात स्वस्त प्लॅनसुद्धा ३० एमबीपीएसचा होता. ऑनलाइन गेमची गरज तर याहूनही कमी. खेळाडू कुठे आहे, कोणते बटण दाबले, गोळी कुठे गेली एवढीच माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून ये-जा करते, आणि ती बहुधा १ एमबीपीएसच्याही आत भागते. आता यंत्राची कुवत पाहू. २००६ चा प्लेस्टेशन ३ वायफायच्या ‘जी’ पिढीचा. कागदावर त्याचा वेग ५४ एमबीपीएस. प्रत्यक्षात हाती वीस-बावीस लागतात. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा हा रेडिओ आजच्या १०८० च्या चित्राच्या चौपट भार उचलतो. यावर एक जाणकार आक्षेप येतो: जुन्या यंत्रांना एच.२६४ हीच जुनी चित्रसंकोचाची पद्धत कळते, एव्ही१ सारख्या नव्या पद्धती कळत नाहीत, त्यामुळे त्याच दर्जाच्या चित्रासाठी त्यांना जास्त डेटा लागतो. खरे आहे. पण दुप्पट धरला तरी १० एमबीपीएस होतात. तीनशेच्या प्लॅनची गरज कुठून आली?

मग चित्र अडकते का? कारण वायफाय ही सामायिक हवा आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा तिचा मूळ नियम. चाळीतल्या सामायिक नळासारखेच हे: तुमची कळशी भरायला अर्धे मिनिट लागते, पण पुढे पंचवीस जण उभे असतील तर ते अर्धे मिनिट कधी येईल याचा भरवसा नाही. शिवाय इथल्या रांगेत फक्त तुमच्या घरचे नसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल फार तर तीन: १, ६ आणि ११. डोंबिवलीच्या किंवा हडपसरच्या एखाद्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची नावे बोटाने सरकवत राहावे लागते, आणि ती सगळी याच तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेली असतात. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. जुन्या यंत्रांची खरी अडचण ही आहे. २०१३ चा पहिला प्लेस्टेशन ४ फक्त २.४ वर चालतो. ५ गिगाहर्ट्झ त्याच्या २०१६ च्या स्लिम आणि प्रो आवृत्त्यांना मिळाले. २०१३ चे पहिले क्रोमकास्टही २.४ चेच. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग परवान्याविना वापरायला खुला झाला तो २०१८ च्या ऑक्टोबरात, आणि कंपन्यांनी फुकट दिलेल्या एकपट्टी, म्हणजे फक्त २.४ च्या, राउटरांवर अजूनही कितीतरी घरे चालतात. जुने यंत्र मंद आहे म्हणून अडखळत नाही. गर्दीतून बाहेर पडायची वाट त्याच्याजवळ नाही.

गर्दी शेजाऱ्यांची असली तरी उरलेली गैरसोय आपण स्वतः करून ठेवलेली असते. फायबर जोडायला आलेला माणूस केबल जिथून आत आली तिथेच डबा ठोकतो: दाराच्या वर, विजेच्या मीटरशेजारी, नाहीतर माळ्यावर. तो दिसायला वाईट म्हणून घरचे त्याला शोकेसच्या दारामागे ढकलतात. तिथून हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या टीव्हीपर्यंत जाताना वाटेत सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, आरशाचे वॉर्डरोब. वाड्यातल्या दगडी भिंतीची तर गोष्टच वेगळी. टीव्हीशी पोचल्यावरही लहरीची सुटका होत नाही. स्टिक टीव्हीच्या मागच्या भोकात खुपसलेली असते, एका बाजूला पॅनेलचा धातूचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटांवर भिंत. फायर टीव्ही स्टिकच्या खोक्यात एक आखूड एचडीएमआय केबल येते. स्टिक पत्र्याआडून बाहेर लोंबावी हा तिचा एक उपयोग, पण बहुतेक घरांत ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघत नाही. कन्सोलचेही तेच. तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, आणि त्याला चिकटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची केबल आणि डिस्क २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात हे इंटेलनेच २०१२ मध्ये मोजून प्रसिद्ध केले होते. डिस्क हातभर लांब ठेवली आणि कप्प्याचे दार उघडे राहिले तर एक पैसाही न खर्चता फरक पडतो. राउटर शोकेसमधून काढून डोक्याच्या उंचीवर, घराच्या मध्याकडे आणला तर आणखी पडतो.

खरा उपाय मात्र लॅनची वायर हाच आहे, आणि गंमत अशी की या बाबतीत जुनी यंत्रे नव्यांना हार जात नाहीत. प्लेस्टेशन ३ आणि ४ दोघांनाही गिगाबिटचे इथरनेटचे भोक आहे. २००५ च्या पहिल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये वायफाय नव्हतेच, पण १०० एमबीपीएसचे इथरनेट होते. निन्टेन्डो वीला भोक नाही, तिथे यूएसबीचा अडॅप्टर चालतो. क्रोमकास्ट आणि फायर टीव्ही स्टिकसाठीही त्यांच्या कंपन्यांनी इथरनेट अडॅप्टर काढले. म्हणजे ज्या कन्सोलला रेडिओमुळे ‘जुना’ ठरवून मोडीत काढायला निघतो, त्याच्याच पाठीवर आजच्या प्लॅनला पुरून उरणारे दार आहे आणि ते धूळ खात आहे. वेग खरोखर लागतो असे एकच काम आहे, गेम उतरवून घेण्याचे, आणि तिथेही वायरच जिंकते. ५० जीबीचा गेम म्हणजे ४०० गिगाबिट. दाटीतल्या वायफायवर २० एमबीपीएस मिळत असतील तर साडेपाच तास, वायरीवरून पुरे १०० मिळाले तर एक तास सात मिनिटे. कन्सोल तोच, प्लॅन तोच. आता या वायरीतही फसवणुकीच्या जागा आहेत. केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिटसाठी चारही लागतात. घाईत दोनच जोड्या जोडून क्रिंप केलेली पिन १०० च्या वर जात नाही. दुसरी जागा राउटरच्या खोक्यावरची. ‘एन३००’ असे ठसठशीत छापलेल्या स्वस्त राउटरची भोके बहुधा १०० एमबीपीएसचीच असतात. तो तीनशेचा आकडा रुंद केलेल्या चॅनेलवरचा कागदी वेग आहे, आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत तो रुंद चॅनेल मिळण्याची शक्यता नाहीच म्हटले तरी चालेल. अशा राउटरवर तीनशेचा प्लॅन घेणारा ग्राहक दर महिन्याला दोनशे एमबीपीएसचे पैसे नुसते दान करतो.

‘वायर ओढा म्हणणे सोपे आहे, भाड्याच्या घरात टाइल्स कोण फोडणार?’ हा आक्षेप रास्त आहे, पण टाइल्स फोडायच्याच नाहीत. केबलवाले गेली तीस वर्षे भिंतीवर पट्टी मारून, दाराच्या चौकटीच्या कडेने वायरी नेत आले आहेत. त्याच पांढऱ्या केसिंग पट्टीतून लॅनची वायर जाते. वायरीची मर्यादा १०० मीटर, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घरात अंतराचा प्रश्नच नाही. घरमालक पट्टीलाही नको म्हणत असेल तर दुसरा मार्ग असा की घरातला जुना, पण ५ गिगाहर्ट्झवाला राउटर टीव्हीशेजारी ठेवून, त्यात तशी सोय असेल तर, ब्रिज म्हणून चालवायचा: तो मुख्य राउटरशी ५ वर बोलेल आणि कन्सोलला आपल्या भोकातून वायरीने जोडेल. २.४ मध्ये अडकलेल्या प्लेस्टेशन ४ ला याने परस्पर गर्दीबाहेरची वाट मिळते. एका खोलीपलीकडे ५ ची ताकद घटते हे मान्य. सारख्याच अँटेनांनी तेवढेच अंतर कापताना त्या लहरी २.४ पेक्षा सुमारे ६ डेसिबल जास्त गमावतात, म्हणजे चतुर्थांश ताकद उरते. भिंती त्यात आणखी घट करतात. पण रिकाम्या चॅनेलवरची अर्धवट लहर भरलेल्या चॅनेलवरच्या पूर्ण लहरीपेक्षा पुष्कळदा बरी. बाजारात हजार-बाराशेला मिळणाऱ्या एकपट्टी रिपीटरची मात्र शिफारस करू नये. तो ऐकलेले प्रत्येक वाक्य त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो आणि रांग दुप्पट.

यंत्र बदला म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, जुने यंत्र स्वतः रेंगाळते ते रेंगाळते, वर साऱ्या घराचे वायफाय खाली ओढते. याला शास्त्रीय आधार आहे. मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच दाखवून दिले होते की वायफायमध्ये प्रत्येकाला पाळ्या सारख्या मिळतात, पण वेळ सारखा मिळत नाही. एक मंद सदस्य असला की वेगवान सदस्यही त्याच्या पातळीला येतात. मुद्दा मान्य करून हिशेब करू. ‘जी’ पिढीच्या यंत्राला स्वच्छ लहर मिळाली तर प्रत्यक्ष वेग वीस-बावीस, त्यातून ५ एमबीपीएसचे चित्र, म्हणजे हवेतला सुमारे पाव वेळ. घर बुडवणारा हा आकडा नव्हे. तेच यंत्र दोन भिंतींआड गेले आणि त्याचा कागदी वेग ६ वर घसरला, तर त्याच चित्राला जवळजवळ सगळा वेळ लागेल. दोन्ही वेळा यंत्राचे वय तेच होते. बदलली ती जागा. शिवाय हा भार फक्त २.४ च्या पट्ट्यावर पडतो, ५ वर असलेल्या फोन-लॅपटॉपना त्याची झळ लागत नाही. आणि टोके हॉइलँड-यॉर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या दोषावर लिनक्समध्ये चालणारा इलाजही मांडला: पाळ्या मोजण्याऐवजी प्रत्येकाने वापरलेला हवेतला वेळ मोजायचा. ज्या राउटरमध्ये ही सोय आहे तिथे मंद सदस्य दुसऱ्यांचा वेळ खाऊ शकत नाही. वायर लावली तर प्रश्नच मिटला. जे यंत्र हवेत बोलतच नाही ते कोणाला खाली ओढणार?

‘मग वायफाय ७ चा राउटर घ्या, तो जुन्यांनाही चालतो’ ही पुढची शिफारस. चालतो, पण बोलणे दोघांचे असते. नव्या राउटरने कितीही भाषा शिकल्या तरी २०१३ चे क्रोमकास्ट त्याच्याशी आपल्याच जुन्या बोलीत आणि त्याच २.४ च्या गर्दीत बोलणार. दूरसंचार विभागाने २०२५ च्या मे महिन्यात ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग खुला करण्याचा मसुदा काढला तेव्हा उत्साहाने पुष्कळ लिहिले गेले. जुन्या कन्सोलला त्या पट्ट्याचे अस्तित्वच ठाऊक नाही. नव्या राउटरचा अप्रत्यक्ष फायदा होतो तो असा की नवे फोन ५ वर जातात आणि २.४ ची रांग आपल्या घरापुरती तरी ओसरते. पण हे काम साधा दुपट्टी राउटरही करतो. उलट नवा राउटर जुन्या यंत्राला पुष्कळदा घराबाहेर काढतो. सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ वर ठेवली तर प्लेस्टेशन ४ जोडलाच जात नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले की राउटर यंत्राला ५ कडे रेटत राहतो आणि ज्याला तो पट्टाच कळत नाही ते कधीकधी दारातच अडकते. इलाज पाच मिनिटांचा: २.४ ला वेगळे नाव, रुंदी २० मेगाहर्ट्झ, सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस. यातली शेवटची गोष्ट जुन्या राउटरवर तर अवश्य पाहावी. तिथे ‘टीकेआयपी’ निवडलेले राहिले असेल तर वायफायच्या ‘एन’ पिढीचे यंत्रही ५४ च्या वर जात नाही, कारण त्या मानकाने टीकेआयपीबरोबर जास्त वेग द्यायलाच मनाई केली आहे. एका चुकीच्या निवडीमुळे चांगला डबा म्हातारा दिसतो, आणि शिक्षा त्यालाच होते.

खेळणाऱ्यांचे दुःख थोडे निराळे असते. त्यांना वेग दिसतो तो पिंगमध्ये, म्हणजे पाकीट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांत. सामना चालू असताना आतल्या खोलीतला फोन लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो, पिंग चाळीसवरून चारशेवर जातो आणि गडी बाद. इथे वायरही एकटी पुरी पडत नाही, कारण खोळंबा राउटरच्या पोटात झालेला असतो: बाहेर जाणारी पाकिटे एका लांबलचक साठ्यात उभी राहतात आणि खेळाचे चिमुकले पाकीट फोटोंच्या मागे अडकते. जिम गेटिस यांनी याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केले, आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ या पद्धतीने त्यावर तोड काढली. तिच्यापासून निघालेली ‘एफक्यू कोडेल’ २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तांत नोंदली गेली आणि ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीत ती कधीची उपलब्ध आहे. राउटरवर ती चालू करून वेगाची मर्यादा प्लॅनच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बांधली की दहा टक्के वेग जातो आणि पिंग जागेवर राहतो. वेग कमी करून खेळ सुधारतो ही गोष्ट प्लॅन विकणाऱ्याला सांगणे अवघडच. मोठ्या प्लॅनने साठा लवकर रिकामा होतो, एवढे खरे. पण फोनही तितक्याच वेगाने तो भरतो. आणि गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन परत यायला काचेच्या धाग्यातल्या प्रकाशालाच चाळीस मिलिसेकंद लागतात. ते कोणत्याही राउटरला वाचवता येत नाहीत.

जुने यंत्र खरोखर काढून टाकावे अशा वेळा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सुरक्षेचे अपडेट बंद झालेला डबा घरच्या जाळ्यात मोकळा सोडू नये. त्याला गेस्ट नेटवर्कवर ठेवावे, म्हणजे तो लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही. निन्टेन्डो डीएसच्या जुन्या खेळांना डब्ल्यूईपी हे २००१ मध्येच फुटलेले कुलूप लागते. त्यासाठी घरचे वायफाय उघडे टाकणे शहाणपणाचे नाही. सेवाच बंद झाली तर तिथेही इलाज नाही. काही जुन्या सॅमसंग टीव्हींवरचे नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ ला थांबले, वी यू चा ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ ला, आणि एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झाले. पण हे यंत्राचे म्हातारपण नव्हे, कंपन्यांचे निर्णय आहेत, आणि ते अडखळत येत नाहीत. आधी तारीख जाहीर होते आणि त्या दिवशी सेवा संपते. कालपर्यंत चालणारे चित्र आज संध्याकाळी आठला अडकते आणि पहाटे तीनला सुरळीत चालते, तेव्हा कारण शेजाऱ्यांच्या गर्दीत किंवा शोकेसच्या दारामागे शोधावे.

हा साधा भेद ग्राहकापर्यंत पोचत नाही, कारण तो पोचवण्यात कोणाचा फायदा नाही. प्लॅन वाढला तर कंपनीला दरमहा पैसे मिळतात, स्टिक विकली तर दुकानदाराला. पंधरा मीटर वायर आणि दोन पिनांत कोणाचे पोट भरत नाही. जोडणीच्या दिवशी काय होते ते पाहा. तंत्रज्ञ राउटरपासून हातभर अंतरावर उभा राहतो, आपला नवा फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडतो, वेगाची चाचणी लावतो, ९८ चा आकडा दाखवतो आणि सही घेतो. ती चाचणी त्याने टीव्हीपाशी, २.४ वर, रात्री नऊ वाजता करावी असा आग्रह धरायला ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. कंपनीने दिलेला डबा एकपट्टी आहे की दुपट्टी, त्याची भोके शंभरची की हजारची, हे प्लॅनच्या किमतीशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापले पाहिजे. आणि जोडणीच्या खर्चात टीव्हीपर्यंतची एक वायर धरली पाहिजे. ती हवी का, असे विचारण्याचीसुद्धा पद्धत आज नाही.